भाऊबंदकी, बंधुता आणि इंग्रजीचा तास

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणली आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. मधल्या अडीच महिन्यांत महाराष्ट्र भाषाशिक्षणावर जेवढा बोलला तेवढा गेल्या कित्येक वर्षांत बोलला नसेल. बोलणे हिंदीवरून सुरू झाले, पण फिरून फिरून इंग्रजीवर येत राहिले, कारण पालकांची खरी ओढ आणि खरी धास्ती दोन्ही तिथेच आहेत. राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. त्याला पाव शतक झाले, मग मुलांना इंग्रजी का येत नाही, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला. एका बाजूचे उत्तर असे: तास वाढवा, शब्द पाठ करून घ्या, जमल्यास माध्यमच बदला. दुसरी बाजू म्हणाली, व्याकरणाने आणि पाठांतरानेच घात केला. मुलांना ऐकू द्या, बोलू द्या, भाषा आपोआप येईल. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत आलो आहे आणि या वादातली एक गोष्ट मला सतत खटकते. कोणती भाषा, कितवीपासून, किती तास एवढेच सगळे मोजतात. पाचवीतल्या पोरासमोर कधी न पाहिलेला इंग्रजी शब्द येतो, त्या क्षणी त्याच्या हातात काय असते, हे कोणी विचारत नाही.

बहुधा काहीच नसते. त्याच्या वहीत डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ अशी यादी असते. केअर म्हणजे काळजी, केअरफुल म्हणजे काळजीपूर्वक, केअरलेस म्हणजे निष्काळजी, केअरलेसनेस म्हणजे निष्काळजीपणा. एकाच घरातली ही चार माणसे त्याला चार अनोळखी म्हणून भेटतात आणि तो चौघांना वेगवेगळे घोकतो. माझे म्हणणे सरळ आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत इंग्रजीच्या तासिकांचा ठरावीक वाटा प्रत्ययांना द्यावा. प्रत्यय लागला की शब्दाचा अर्थ कुठे सरकतो, हे मुलांकडून शब्द फोडून आणि जोडून करून घ्यावे. आणि हे काम मराठी प्रत्ययांच्या शेजारी बसून करावे, चोरून नव्हे, उघडपणे.

कारण मराठी मूल प्रत्ययांच्या भाषेतच वाढलेले असते. ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ हा जप मला इथे अभिप्रेत नाही. प्रत्यय अर्थाला कसा वळवतो याची जी जाण त्याला शाळेत येण्याआधीच असते, तिच्याबद्दल मी बोलतो आहे. बंधूला ‘ता’ लागला की बंधुता होते आणि ती संविधानाच्या उद्देशिकेत जाऊन बसते. भाऊबंदांना ‘की’ लागली की भाऊबंदकी होते आणि ती बांधावरून कोर्टात जाते. मूळ नाते तेच, शेपूट बदलले आणि अर्थ उलटा झाला. बरे, ‘की’ वाईटच म्हणावी तर माणुसकीतही तीच आहे. शहाणपण आजीकडे असते; ‘शहाणपणा करू नकोस’ हे आजी नातवाला सांगते. एका कान्याएवढा फरक आहे आणि कोणत्याही मराठी घरातले सहा वर्षांचे पोर तो कधी चुकत नाही. पाणीदार डोळे आणि पाणचट विनोद यांतले पाणी एकच आहे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. लालसर, पिवळट, काळपट हे रंग त्याला कळतात. तेलकट, मळकट कळते. आणि ‘पोरकट’ म्हटले की राग येतो, कारण त्या ‘कट’मध्ये तुच्छता आहे हे त्याने हेरलेले असते. अशा मुलाला रेडिश म्हणजे लालसर आणि चाइल्डिश म्हणजे पोरकट हे सांगायला किती वेळ लागेल? इंग्रजीचा ‘इश’ रंगाला लागला तर ‘थोडासा’ म्हणतो आणि माणसाला लागला तर नाक मुरडतो. आपले ‘ट’ आणि ‘कट’ अगदी हेच करतात. मग चाइल्डलाइक वेगळा का, तो निरागस, बालसुलभ का, हा प्रश्न वर्गातून आपसूक येतो.

इंग्रजी प्रत्ययही त्याच्या घरात आधीच येऊन राहिलेले आहेत. कुकर, मिक्सर, हीटर, कूलर, टेस्टर, ट्रकवरचा क्लीनर. ताटवाटीचे स्टीलच स्टेनलेस असते. गाडीचा टायर ट्यूबलेस असतो. आईच्या बँकेच्या फॉर्मवर नॉमिनी असतो, देवस्थानाला ट्रस्टी असतात, चेकवर ‘अकाउंट पेयी’ असा शिक्का असतो. नॉमिनी म्हणजे ज्याला नेमले तो, ट्रस्टी म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला तो, पेयी म्हणजे ज्याला पैसे द्यायचे तो. तिन्ही ठिकाणी तो दीर्घ ‘ई’ सांगतो की हा करणारा नाही, ज्याच्याबाबत केले गेले तो आहे. एवढे उमजले की एम्प्लॉयर कोण आणि एम्प्लॉयी कोण हे पाठ करावे लागत नाही. आणि पुढे कधी भाडेकरारावर लेसर आणि लेसी असे दोन शब्द आले, तर आपण कोणत्या बाजूला सही करतो आहोत हे त्या माणसाला स्वतःला कळेल.

सातवीच्या वर्गात एकदा एका मुलाने होपलेसचा अर्थ सांगितला, “आशा कमी.” वर्ग हसला. मी त्याला फळ्याजवळ बोलावले, कारण माझ्या मते त्या दिवशी वर्गात एकट्याने विचार केला होता. त्याने शब्द फोडला होता, ‘होप’ ओळखला होता, उरलेला ‘लेस’ आपल्या ओळखीच्या ‘कमी’शी जोडला होता. चूक होती ती एवढीच की हा ‘लेस’ तो नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘मोकळा, विरहित’ अशा अर्थाचा एक वेगळा शब्द होता, तो झिजून प्रत्यय झाला. म्हणजे आशा कमी नाही, आशा नाहीच. मग आम्ही स्टेनलेस घेतले: डाग कमी की डाग नाही? वायरलेस घेतले. शेवटी मी प्राइसलेस लिहिला आणि वर्ग अडला, कारण ‘किंमत नाही’ म्हणजे फुकट, टाकाऊ असे सगळ्यांना वाटले. मागच्या बाकावर अमोल नावाचा मुलगा होता. तुझ्या नावाचा अर्थ काय, असे त्याला विचारले आणि पुढे काही सांगावेच लागले नाही. ज्याचे मोल होत नाही तो अमोल. इंग्रजीने जी वाट काढली तीच संस्कृतातून मराठीत आलेल्या या शब्दाने काढली आहे. दोन भाषांच्या मधली ही अशी जागा पाठ्यपुस्तकात छापून येत नाही. ती शिक्षकाने दाखवावी लागते, आणि दाखवायला इंग्रजीच्या तासाला मराठी बोलण्याची मुभा लागते.

आता आक्षेप. सगळ्यात बळकट आक्षेप असा की इंग्रजी नियमाने चालत नाही, म्हणून शब्द फोडायला शिकवणे म्हणजे मुलांना चकवा लावणे. आक्षेप खरा आहे. टीचर शिकवतो, पण कुकर स्वयंपाक करणारा माणूस नाही, तो माणूस ‘कुक’. ‘ली’ लागला की क्रियाविशेषण, असे सांगावे तर फ्रेंडली विशेषण निघते. हार्ड म्हणजे कष्टाने आणि हार्डली म्हणजे जेमतेम. ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिणारा विद्यार्थी प्रशंसा करायला जातो आणि निंदा करून येतो. ‘ई’ म्हणजे ज्याच्याबाबत केले तो, असे मी वर म्हटले, पण ॲबसेन्टी स्वतःच गैरहजर राहतो. त्याहून वाईट म्हणजे शेपूट आहे असा नुसता भास होणे. बाथरूममधला गीझर हीटर-कूलरच्या रांगेत बसल्यासारखा दिसतो, पण तो आइसलंडमधल्या एका उष्ण झऱ्याच्या नावावरून आला. कॉर्नरमधून ‘अर’ काढला तर ‘कॉर्न’ उरतो आणि कोपऱ्याचा मक्याशी काही संबंध नाही.

पण या आक्षेपातून निष्कर्ष काय काढायचा? नियमाला अपवाद आहेत म्हणून नियम शिकवू नये, असा न्याय आपण दुसऱ्या कुठल्या विषयाला लावतो? मराठीला लावतो का? पाणीदारचा अर्थ पाणी आणि दार यांची बेरीज करून निघत नाही, दुकानदारचा निघतो. तरी दोन्ही शब्द आपण बिनचूक वापरतो. अपवाद ओळखायलाही आधी नियम माहीत असावा लागतो. ज्याला ‘अर’ माहीतच नाही त्याला कुकर विचित्र वाटणार कसा? वर्गात मी दोनच प्रश्न लावून देतो. प्रत्यय काढल्यावर उरते तो खरा शब्द आहे का? आणि असला तर त्याचा अर्थ इथे बसतो का? कॉर्नर पहिल्या प्रश्नात पास होतो, दुसऱ्यात पडतो. मग वाक्य पाहा, मग शब्दकोश उघडा. अंदाज बांधणे आणि तो तपासणे ही जोडी शिकवली नाही तर प्रत्यय धोकादायक, हे मला मान्य आहे. शिकवली तर यादी घोकणाऱ्या मुलापेक्षा हे मूल अधिक सावध वाचक होते.

शिवाय इंग्रजी वाटते तितकी बेशिस्त नाही. तिची शिस्त कुळाची आहे, आणि कुळाची शिस्त मराठी माणसाइतकी कोणाला कळणार? आपण मधुरता म्हणतो, गोडता म्हणत नाही. गोडपणा म्हणतो. ‘गोडता’ चूक आहे हे कोणत्या नियमाने, ते फार थोड्यांना सांगता येईल, पण कानाला ते लगेच टोचते. संस्कृत शब्दाला संस्कृत प्रत्यय, देशीला देशी, अशी साधारण सोयरीक जुळते. इंग्रजीतही घरचा शब्द काइंड घरचाच ‘नेस’ घेतो, म्हणून काइंडनेस. लॅटिनकडून आलेला रॅपिड लॅटिन वळणाचा ‘इटी’ घेतो, म्हणून रॅपिडिटी. ‘काइंडिटी’ इंग्रज कानाला आपल्या गोडतेसारखीच लागेल. आणि काही प्रत्यय कुळाच्या भिंती ओलांडतात. फारसीतून आलेली ‘गिरी’ आपल्या दादाला लागली आणि दादागिरी झाली. लॅटिनचा ‘एबल’ असाच इंग्रजीच्या घरच्या ‘रीड’ला लागून रीडेबल झाला. आपल्याकडे त्याच कामाला वाचनीय, दर्शनीय यांतला ‘नीय’ आहे; पेय आणि देय यांतला नुसता ‘य’ आहे. पिण्याजोगे ते पेय, द्यायची ती देय रक्कम. बिलावरचा ‘पेएबल’ हा शब्द मराठीत ‘देय’ म्हणून शेजारीच छापलेला असतो, आणि तरी आपण तो मुलांना स्वतंत्र स्पेलिंग म्हणून पाठ करायला देतो.

स्पेलिंगचे निघालेच आहे तर आणखी एक. हॅपीला ‘नेस’ लागताना शेवटच्या वायचा आय होतो, हा नियम मुले वर्षानुवर्षे विसरतात. पण घोडाला ‘ला’ लागताना ‘घोड्या’ होतो हे ती कधी विसरत नाहीत, आणि त्याला सामान्यरूप म्हणतात हे मराठीच्या तासाला शिकलेली असतात. प्रत्यय लागण्याआधी शब्द अंग बदलतो, ही कल्पना त्यांच्याकडे तयार आहे. पलीकडच्या वर्गात तिला नाव आहे आणि अलीकडच्या वर्गात ती निनावी अपवाद होते. साइनमधला मुका जी का लिहायचा, या प्रश्नाचे उत्तर ‘तसेच असते’ हे नाही. सिग्नेचर म्हणून पाहा, जी बोलू लागतो. मसलमधला मुका सी मस्क्युलरमध्ये बोलतो. बोलताना हरवलेला संबंध लिखाणाने जपून ठेवला आहे, हे मुलाला एकदा दिसले की त्या स्पेलिंगबद्दलचा त्याचा राग ओसरतो.

दुसरा आक्षेप आपोआपवाल्यांचा. लंडनमधल्या मुलाला कोणी प्रत्यय शिकवतो का? तो ऐकत ऐकत शिकतो. हे अर्धेच खरे आहे, आणि कोणते अर्धे ते १९५८ साली जीन बर्को यांनी अमेरिकेत दाखवून दिले. त्यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असे सांगितले. दोन दिसले की काय म्हणाल? बहुतेक मुलांनी बरोबर अनेकवचन केले. हा प्रत्यय खरोखर कानातून येतो. पण ‘झिब’ नावाचे काम करणाऱ्या माणसाला काय म्हणाल, असे विचारल्यावर मोठी माणसे ‘झिबर’ म्हणाली आणि लहान मुलांपैकी फार थोड्यांना ते जमले; कित्येकांनी ‘झिबमॅन’सारखे जोडशब्द केले. म्हणजे शब्दाचे रूप फिरवणारे प्रत्यय आणि नवा शब्द घडवणारे प्रत्यय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट जन्मभाषेतही उशिरा, बरीचशी वाचनातून येते.

आणि ऐकणे म्हणजे किती ऐकणे? शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस ठरवून दिले आहेत. रोज ४० मिनिटांची एक तासिका धरली, एकही बुडाली नाही असे मानले, तरी वर्षाचे सुमारे १४७ तास होतात. घरात इंग्रजी बोलली जाते ते मूल एवढे तास दोन-तीन आठवड्यांत ऐकते. त्यातही आमच्या तासिकेतली बरीच मिनिटे मराठीतून समजावण्यात जातात, जावीच लागतात. आपोआप येण्यासाठी जो पाऊस लागतो तो ज्यांच्या अंगणात पडतच नाही, त्यांना पावसाची वाट पाहायला सांगणे हा अन्याय आहे. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तकांची फडताळे आहेत त्याला प्रत्यय न शिकवता चालेल. ऊसतोडीच्या फडावरून उशिरा शाळेत परतलेल्या मुलीला चालणार नाही. शब्द उघडण्याची किल्ली उघडपणे, पायरीपायरीने हातात देणे हे तिच्यासाठी जास्त गरजेचे आहे, आणि म्हणून मी या प्रश्नाला व्याकरणाचा प्रश्न न मानता समतेचा प्रश्न मानतो.

पाठांतरवाल्यांसाठी एक हिशेब. १९८४ मध्ये नॅगी आणि अँडरसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या तिसरी ते नववीच्या छापील शालेय इंग्रजीत सुमारे ८८,५०० शब्दकुळे, म्हणजे एकाच मूळ शब्दाची घरे, असावीत असा अंदाज मांडला. आपण रोज दहा शब्द पाठ करून घेतले आणि मुलाने एकही विसरला नाही असे समजू. २२० दिवसांचे २,२०० होतील. पाचवी ते दहावी सहा वर्षांचे १३,२००. एवढे कोणतेही मूल पाठ करत नाही, आणि केले तरी ते सहाव्या हिश्श्यापर्यंतही पोचत नाही. यादीने हे अंतर कधी कापले जाईल?

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी थोडा थांबतो. पुष्कळ मुले सहावी-सातवीत आली तरी साधे इंग्रजी वाक्य अडखळत वाचतात. त्यांना ‘नॅशनलायझेशन’ फोडायला देणे क्रूरपणा होईल, असे प्राथमिकचे शिक्षक सांगतात, आणि ते त्या मुलांसोबत रोज बसतात म्हणून त्यांचे ऐकले पाहिजे. मीही पाचवीला ‘आयझेशन’ शिकवा म्हणत नाही. १९८९ च्या एका अमेरिकी अभ्यासात शालेय पुस्तकांतल्या प्रत्यय लागलेल्या शब्दांपैकी सुमारे ६५ टक्के शब्दांत एस, एड आणि इंग हेच तीन प्रत्यय निघाले. मग पाचवीला तेवढेच पक्के करा. सहावीत अर, फुल, लेस, नेस घ्या. एका वर्षात चार. लांब शब्द अडखळत वाचणाऱ्या मुलाला तर तुकडे दिसण्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. ‘केअरलेसनेस’ अक्षरे मोजत वाचणे आणि तीन ओळखीचे तुकडे दिसणे यांत श्वासाचा फरक आहे.

इंग्रजीच्या तासाला मराठी नको, हा एक जुना सोवळेपणा अजून आपल्या शाळांत आहे. त्याला इतिहासाचा काहीच आधार नाही. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते बोलून दाखवले. १८१६ मध्ये फ्रान्झ बोप यांनी क्रियापदांची रूपे शेजारी मांडून ते सिद्ध करायला घेतले. मूळ वेगळे, प्रत्यय वेगळा, अशी शब्दाची चिरफाड करण्याची काटेकोर रीत युरोपच्या अभ्यासकांनी मोठ्या प्रमाणात पाणिनीच्या परंपरेतून उचलली. अष्टाध्यायीचे तिसरे, चौथे आणि पाचवे असे तीन अध्याय प्रत्ययांच्या अधिकारात आहेत. धातूला लागणारे ते कृत् आणि नामाला लागणारे ते तद्धित, हे भेद आपले आहेत. पुढे १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी वयाच्या २२ व्या वर्षी मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवायला ते लाजले नाहीत. इंग्रजीच्या मदतीने मराठी समजावणे तेव्हा चालले, तर आज मराठीच्या मदतीने इंग्रजी समजावणे कमीपणाचे का वाटावे? चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले. ते पचायला आपल्याच अंगातली रग लागते, उसनी चालत नाही.

सेमी इंग्रजीच्या वर्गात तर ही हेळसांड सरळ विज्ञान बुडवते. मोरचूद आणि हिराकस ही नावे शेतकऱ्याला माहीत आहेत. द्राक्षबागेतले बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुना यांचेच. पण या दोन नावांवरून दोन्ही एकाच जातीचे क्षार आहेत हे कळत नाही. युरोपातही आधी अशीच नावे होती. १७८७ मध्ये गिटाँ द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ यांनी रसायनांना नवी नावे दिली आणि ती देताना अर्थ प्रत्ययात भरला. कॉपर सल्फेट, फेरस सल्फेट: नावच नाते सांगते. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट यांत शेवटचा तुकडा पुसला तर काय उरते? पहिल्यात ऑक्सिजन नाही, दुसऱ्यात आहे, तिसऱ्यात त्याहून अधिक आहे, हे सांगणारी जागा तेवढीच. आमची मुले मात्र ही तीन स्पेलिंगे म्हणून घोकतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात. इव्हॅपोरेशन, कंडेन्सेशन, रेस्पिरेशन यांतले ‘शन’ आणि संघनन, श्वसन यांतले ‘न’ एकच काम करतात, क्रियेला नाव देण्याचे. प्रायव्हेटायझेशन, लिबरलायझेशन, ग्लोबलायझेशन म्हणजे १९९१ नंतर वर्तमानपत्रांनी ‘खाउजा’ म्हणून घरोघर पोचवलेले खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. त्यातल्या ‘ईकरण’चे इंग्रजी जोडीदार दर वेळी तेच दोन तुकडे आहेत. १९६९ ला बँकांचे जे झाले त्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्र, ईय आणि करण ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने इंग्रजी शब्दाचेही तुकडे येतात. हा क्रम एकदा फळ्यावर समोरासमोर लिहून पाहावा; वर्गात जी शांतता पसरते ती मी फार थोड्या तासांना अनुभवली आहे.

शाळेबाहेरचे एकच सांगतो. आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांना छातीत दुखले म्हणून दवाखान्यात नेले. “अँजिओ करायची आहे,” असा फोन आला. निम्म्या घराने तपासणी समजली, निम्म्याने रक्तवाहिनीतला अडथळा काढून स्प्रिंग बसवणार असे समजले, आणि कागदावर सही करणाऱ्या मुलालाही नेमके ठाऊक नव्हते. ग्राफी म्हणजे चित्र घेणे, प्लास्टी म्हणजे घडण दुरुस्त करणे. सोनोग्राफीतली ग्राफी तीच. स्कोपी म्हणजे आत पाहणे, आयटिस म्हणजे दाह, एक्टॉमी म्हणजे कापून काढणे. भाषाशास्त्रज्ञ यातल्या काहींना काटेकोरपणे प्रत्यय म्हणणार नाहीत. सही करणाऱ्याला त्या भेदाशी कर्तव्य नाही. समजावून सांगणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे, ती मी शाळेवर ढकलत नाही. पण दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या माणसाला ‘ग्राफी की प्लास्टी?’ एवढे विचारता आले असते, तर ती रात्र वेगळी गेली असती.

दहावीच्या कृतिपत्रिकेत उपसर्ग किंवा प्रत्यय लावून नवा शब्द बनवा असा एक छोटा प्रश्न असतो, आणि प्रत्ययांचे काम तेवढ्यावर भागले असे आपण मानतो. मुले गाईडमधल्या वीस जोड्या पाठ करून तो सोडवतात. प्रश्न उलटा असायला हवा. मुलाने कधी पाहिला नसेल असा शब्द उताऱ्यात द्या आणि त्याचा अर्थ काय असेल, कशावरून, हे विचारा. उत्तर मराठीतून लिहू द्या. परीक्षा असे विचारू लागली की वर्गात शिकवण्याची रीत बदलायला दोन वर्षेही लागणार नाहीत, कारण आमचे शिक्षक परीक्षेकडे पाहूनच शिकवतात आणि त्यात त्यांचा दोष नाही.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने निबंधात ‘माय फादर्स अँग्रीनेस’ असे लिहिले. तपासताना माझा लाल पेन शब्दावर आला आणि मी थांबलो. तिने शब्द कुठून उतरवला नव्हता, घडवला होता, आणि घडण निर्दोष होती. मी तिला जवळ बोलावून सांगितले की तू केलेस ते बरोबर रीतीने केलेस, पण या घरात आधीच एक जण राहायला आला आहे, त्याचे नाव अँगर. तिने दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले, शेवटच्या अक्षरांकडे पाहिले आणि म्हणाली, “मग सर, हंग्रीचं पण हंगर असेल ना?” हंगर हा शब्द तोवर तिच्या कुठल्याच यादीत आलेला नव्हता.